उत्तरतालिकेतला 'रद्द' : वादाची पार्श्वभूमी

2, 4, 8, पुढची संख्या कोणती? पर्यायांत 16 आहे आणि 14 सुद्धा आहे. संख्या दुप्पट होत जातात म्हणून बहुतेक जण 16 चा गोल काळा करून पुढे जातात. आता कागदावर वर्तुळं काढून बघा. एका वर्तुळाने कागदाचे दोन भाग होतात, एकमेकांना छेदणाऱ्या दोन वर्तुळांनी चार, तिघांनी आठ. चौथं वर्तुळ कसंही काढा, भाग 14 च्या वर जात नाहीत. मालिका तीच, नियम दुसरा, आणि उत्तर तितकंच पक्कं. खरं तर पहिल्या तीन संख्यांनंतर हवी ती संख्या आणून देणारं सूत्र लिहिता येतं. या प्रश्नात चूक अशी काही नाही, तो अपुरा आहे. नियम कोणता धरायचा, हे सांगायचंच राहून गेलंय. असा प्रश्न परीक्षेत आला, तर उत्तरतालिकेत, म्हणजे बरोबर उत्तरांच्या अधिकृत यादीत, तो 'रद्द' ठरू शकतो. मग त्याच्या गुणांचं काय, हाच वाद आहे.

गणिताला ही अडचण नवी नाही. 1889 मध्ये एका फ्रेंच गणितज्ञाने विचारलं होतं, की वर्तुळात यादृच्छिक (रँडम) जीवा काढली तर ती आतल्या समभुज त्रिकोणाच्या बाजूपेक्षा मोठी असण्याची संभाव्यता किती? उत्तर 1/3 येतं, 1/2 येतं आणि 1/4 ही येतं. तिन्ही हिशेब बिनचूक आहेत. जीवा 'यादृच्छिक' काढायची म्हणजे नेमकी कशी, हे ठरवल्याशिवाय प्रश्न पुराच होत नाही. पण तो वाद अभ्यासकांचा होता, त्यात कोणाची जागा जात नव्हती.

आपल्याकडे जागा जाऊ लागल्या त्या बहुपर्यायी प्रवेशपरीक्षा आल्यावर. 1983 मध्ये उत्तर प्रदेशातल्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला. विद्यापीठाने निकालाबरोबर उत्तरतालिका छापली होती आणि तिच्यातली काही उत्तरं पाठ्यपुस्तकांशी जुळत नव्हती. तालिका छापलीच नसती तर वाद उभाच राहिला नसता, पण शेकडो विद्यार्थ्यांच्या भवितव्याकडे असं बघता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. अशा परीक्षेत फक्त खूण करायची असते, कारण मांडायला जागा नसते, म्हणून संदिग्ध प्रश्न घालूच नयेत, हेही त्याच निकालात आहे. आणि तरीही तसा प्रश्न सापडला तर? तो वगळावा, त्याला गुणच ठेवू नयेत.

2005 मध्ये पंजाबातल्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत सात प्रश्न इतके मोघम निघाले की त्यांना बरोबर उत्तरच असू शकत नव्हतं. या वेळी त्याच न्यायालयाने ते वगळले नाहीत. परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाला त्यांचे गुण द्या, मग त्याने ते सोडवलेले असोत वा नसोत, असा आदेश झाला.

गोंधळ इथे सुरू होतो, कारण 'प्रश्न रद्द' हे दोनच शब्द आता दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरले जातात. अभ्यासिकेत 'फायनल की', म्हणजे उमेदवारांच्या हरकती तपासून ठरलेली अंतिम उत्तरतालिका, आली की पहिला प्रश्न हाच असतो, रद्द म्हणजे मार्क गेले की मिळाले? शांतपणे हिशेब केला तर गुणवत्ता यादीला फरक पडत नाही. समजा, एकीची 62 उत्तरं बरोबर धरली गेली होती, त्यात हा प्रश्न होता. दुसऱ्याची 61, त्याने तो सोडून दिला होता. प्रश्न वगळला तर दोघं 61 वर, सगळ्यांना गुण दिले तर दोघं 62 वर. दोन्हीकडे बरोबरीच. फरक पडतो तो पात्रतेसाठी किमान गुणांची अट असते तिथे, आणि फक्त प्रश्न सोडवणाऱ्यांनाच गुण दिले तर.

2017 मध्ये आयआयटी प्रवेशाची लढाई नेमकी याच शेवटच्या मुद्द्यावर झाली. सदोष प्रश्नांचे 366 पैकी 18 गुण सरसकट सगळ्यांना दिले गेले. ज्यांनी प्रश्न सोडवायचा प्रयत्न केला त्यांनाच ते द्या, अशी याचिका होती. 7 जुलैला प्रवेश थांबले आणि 10 जुलैला स्थगिती उठली. परीक्षा घेणाऱ्यांचं म्हणणं असं, की चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात, त्यामुळे प्रश्न धड नाही हे ओळखूनच काहींनी तो सोडला असेल. हे म्हणणं योग्यच आहे. दोन उत्तरं दिसली म्हणून जो थांबला, त्यालाच प्रश्न सगळ्यांत जास्त कळला होता. पण त्याच प्रश्नावर पाच मिनिटं घालवून जिचे पुढचे दोन प्रश्न राहिले, तिची भरपाई यातल्या कुठल्याच पद्धतीत होत नाही.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आणखी एक निकाल आला. उत्तराबद्दल शंका असेल तर तिचा फायदा उमेदवाराला नाही, परीक्षा घेणाऱ्या संस्थेला. तेव्हापासून हरकती नोंदवण्याच्या मुदतीत जे होईल तेच बहुतेक वेळा खरं, अशी स्थिती आहे. एक मोठा अपवाद 2024 च्या नीट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा. भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाला दोन पर्याय बरोबर धरले होते, कारण पाठ्यपुस्तकाच्या जुन्या आणि नव्या आवृत्तीत फरक होता. न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांना विचारलं आणि एकच पर्याय ठेवला. चार लाखांहून अधिक जणांचे पाच-पाच गुण गेले. 720 पैकी 720 मिळवणारे तोवर 61 होते, सुधारित निकालात ते 17 उरले.

तिथे वाद मिटवायला निदान पुस्तक तरी होतं. राज्यसेवेच्या प्रश्नपुस्तिकेवर 'सर्वांत योग्य' उत्तराचा क्रमांक नोंदवा, अशी सूचना असते. इतिहासाच्या प्रश्नात या शब्दांना अर्थ आहे, चारपैकी एक विधान जास्त नेमकं असू शकतं. संख्यामालिकेत 16 हे 14 पेक्षा जास्त योग्य कसं ठरवायचं? हरकतीसोबत संदर्भग्रंथाचं पान जोडायचं असतं. वर्तुळांच्या आकृतीला पान नसतं. ती उमेदवाराने स्वतः काढलेली असते, पुस्तिकेतल्या कच्च्या कामाच्या जागेत, पेन्सिलीने.