होम (केंब्रिजशायर)

पूर्व इंग्लंडमधील ‘फेन’ या पाणथळ प्रदेशाच्या पश्चिम कडेचे खेडे. ते पीटरबरोच्या दक्षिणेस असून पूर्वी हंटिंगडनशायर परगण्यात होते. ग्रेट ब्रिटनमधील सर्वांत सखल जागा म्हणून होमचे नाव घेतात, पण तो मान गावाचा नव्हे, बाहेरच्या होम फेनचा. तिथली जमीन समुद्रसपाटीपेक्षा सुमारे २.७५ मी. खाली आहे.

गावाजवळ व्हिटलसी मिअर हे विस्तीर्ण पण उथळ सरोवर होते. जमीनदार विल्यम वेल्स यांच्या पुढाकाराने १८५१ मध्ये ते उपसण्यात आले. त्यासाठी लंडनच्या महाप्रदर्शनात गाजलेला ॲपॉल्डचा वाफेवर चालणारा केंद्रोत्सारी पंप लावला होता. १८५२ च्या नोव्हेंबरात बांध फुटून सरोवर पुन्हा भरले. ते परत उपसावे लागले.

पाणी गेले की जमीन खचणार, हे वेल्स जाणून होते. म्हणून पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीच्या) थरात एक बिडाचा खांब उभा पुरून त्याचे टोक जमिनीच्या पातळीत ठेवले. हा खांब त्या महाप्रदर्शनाच्या क्रिस्टल पॅलेस या इमारतीतला असल्याचे सांगतात. त्याचा पाया खालच्या चिकणमातीत ठोकलेल्या लाकडी खुंटांवर आहे, आणि मोजमापाची सगळी मदार यावरच. तो नुसता पीटमध्ये रोवला असता तर जमिनीबरोबर तोही खाली गेला असता. पहिल्या दहा वर्षांतच त्याचा सुमारे दीड मीटर भाग उघडा पडला. आज तो जवळजवळ ४ मी. वर आलेला दिसतो. आधार सुटत गेल्याने १९५७ मध्ये त्याला पोलादी ताण द्यावे लागले.

सुरुवातीला पीट खचते ते पाणी निघून थर दबल्यामुळे. पुढे हवा लागून त्यातले वनस्पतींचे अवशेष कुजतात, कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात. कोरडी भुकटी वाराही नेतो. जमीन उतरली की चर उथळ पडतात. ते खोल केले की आणखी पीट सुकते, आणि पंपाला पाणी अधिक उंच चढवावे लागते.

ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने १८५० मध्ये इथून लोहमार्ग नेला. अभियंते स्टीफन बॅलार्ड यांनी पीटवर काटक्यांच्या मोळ्यांचे थर अंथरून वर हळूहळू भार चढवला. घाईने भराव टाकला असता तर पाणी निथळायच्या आत पीट बाजूला फाकले असते. स्थानक १९५९ मध्ये बंद झाले. गाड्या मात्र अजून धावतात.

होम फेनमध्ये आता रुपेरी भूर्जांचे दाट वन आहे. ‘ग्रेट फेन’ प्रकल्पात ते जवळच्या वूडवॉल्टन फेन या राखीव पाणथळीशी जोडण्यासाठी मधली शेते पुन्हा ओली केली जात आहेत. काही ठिकाणी ओल्या जमिनीतच पाणकणीस आणि स्फॅग्नम शेवाळ पिकवून पाहतात.