एअरबेड घरी नेताना : अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या काळजीविषयी

आमच्याकडून एअरबेड, म्हणजे पंपाने हवा भरली जाणारी गादी, भाड्याने नेणारे बरेच ग्राहक पैसे भरतानाच विचारतात, "म्हणजे आता रुग्णाची कूस बदलायला नको ना?" बदलावीच लागते, आणि मुख्यतः हे सांगण्यासाठीच आम्ही हे पत्रक गादीसोबत देतो.

निरोगी माणूस झोपेतही नकळत कूस बदलत असतो. पक्षाघात, खुब्याचे मोडलेले हाड किंवा वार्धक्यातील अशक्तपणा यांमुळे ही हालचाल थांबली, की हाड आणि गादी यांच्यामध्ये त्वचा दबून तेथील रक्तपुरवठा कमी होतो आणि बेडसोअर, म्हणजे दाबामुळे होणारी जखम, होतो. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपर आणि डोक्याची मागची बाजू या त्याच्या नेहमीच्या जागा होत. एअरबेडमधील कप्पे आलटून पालटून फुगतात व रिकामे होतात, त्यामुळे एकाच जागी सतत पडणारा दाब हलता राहतो. मात्र तो पूर्णपणे नाहीसा होत नाही. म्हणून डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसल्यास दर दोन तासांनी रुग्णाला वळवावे. कुशीवर अगदी आडवे न करता पाठीमागे उशी देऊन साधारण 30 अंश कलते ठेवावे, म्हणजे सगळा भार खुब्यावर येत नाही. पोटऱ्यांखाली उशी अशी द्यावी की टाचा अधांतरी राहतील. वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नये, कारण घर्षणाने त्वचा सोलवटते. खाली आडवी घातलेली चादर दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून उचलावी.

एअरबेड नेहमीच्या गादीवर अंथरावा, पंप पायाकडच्या बाजूला अडकवावा आणि वर एकच सुती चादर सैलसर घालावी. तक्रार आली म्हणून घरी गेल्यावर आम्हांला बहुधा दोनच गोष्टी आढळतात : एक तर नळी पलंगाच्या फळीत चिमटलेली असते, किंवा एअरबेडवर गोधडी, रबरी कापड आणि टॉवेल असे थर रचलेले असतात, ज्यांमुळे हवेचा उपयोग रुग्णापर्यंत पोहोचतच नाही. हवा पुरेशी आहे का, हे पाहण्यासाठी रुग्णाच्या कमरेखाली, एअरबेड आणि खालची गादी यांच्यामध्ये तळहात सरकवावा. माकडहाड हाताला टेकत असेल, तर पंपावरील दाब वाढवावा. वीज गेल्यास गादी हळूहळू बसते, तेवढ्या काळात कूस अधिक वेळा बदलावी.

रोज अंग पुसताना त्वचा उजेडात पाहावी. लाल डाग बोटाने दाबल्यावरही फिका होत नसेल, तर ती बेडसोअरची सुरुवात समजावी. सावळ्या त्वचेवर लाली सहसा दिसत नाही. तेथे जांभळट छटा दिसते का ते पाहावे आणि ऊब किंवा कडकपणा हाताने तपासावा. अशा जागी तेल चोळून मालीश करू नये, हळद अथवा पावडर स्वतःच्या मनाने भरू नये, आणि तिच्यावर पुन्हा भार येऊ देऊ नये. मध्ये भोक असलेली रबरी रिंग अजूनही मागितली जाते. ती कडेने दाब देऊन मधल्या भागाचा रक्तपुरवठा आणखी कमी करते, म्हणून आम्ही ती ठेवणे बंद केले आहे. त्वचा फाटली, पू किंवा दुर्गंधी आली, भाग काळा पडला अथवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

जखम भरण्यासाठी प्रथिने लागतात. दाट वरण, मुगाची खिचडी, दही, अंडी यांपैकी जे पचेल ते द्यावे, परंतु मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे. भरवताना आणि त्यानंतर अर्धा तास डोक्याकडची बाजू उंच ठेवावी, म्हणजे ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती कमी होते.

पक्षाघातानंतर अनेक रुग्णांना नैराश्य येते. जेवण नाकारणे, भिंतीकडे तोंड करून पडणे, कारणाशिवाय रडणे याला हट्ट समजू नये व डॉक्टरांच्या कानावर घालावे. वळवण्यापूर्वी "आई, आता डावीकडे वळवते हं," एवढे सांगितले तरी अंग ताठ होत नाही आणि काम हलके होते. शुश्रूषा करणाऱ्याचीही झोप दर दोन तासांनी मोडते. हा भार बहुतेक घरांत एकट्या सुनेवर किंवा पत्नीवर पडतो. रात्रीच्या पाळ्या आधीच वाटून घ्याव्यात, शक्य असल्यास रात्रीपुरती मावशी ठेवावी. मन फारच खचले, तर टेली-मानस या शासकीय सेवेच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते.

गादी परत करताना ती धुऊन देण्याची आवश्यकता नाही, निर्जंतुकीकरण आम्ही करतो. रुग्ण दगावल्यास तेरावा होईपर्यंत आम्ही गादीसाठी फोन करत नाही आणि त्या दिवसांचे भाडेही लावत नाही.