मधुमेहात दमसास का घटतो?

मधुमेह असलेल्या माणसाला जिना चढताना धाप लागली की घरचे सुनावतात, ‘हालचाल नको, मग दुसरं काय होणार!’ हा ठपका बऱ्याचदा अन्यायाचा असतो. टाइप २ मधुमेहींची त्यांच्याच वयाच्या, वजनाच्या आणि तेवढीच हालचाल करणाऱ्या लोकांशी तुलना केली, तरी मधुमेहींची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे व्हीओटू मॅक्स, साधारण २० टक्क्यांनी कमी भरते.

ही तूट ऑक्सिजन स्नायूपर्यंत पोहोचण्याच्या वाटेत ठिकठिकाणी पडते. हृदयाचा डावा कप्पा ताठर झाला तर त्यात रक्त नीट भरत नाही. स्वायत्त मज्जातंतूंना इजा झाली असेल तर गरज असूनही ठोके पुरेसे वाढत नाहीत. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून त्यांना सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड कमी स्रवतं, त्यामुळे राबणाऱ्या स्नायूकडे वाढीव रक्त वळायला उशीर होतो. चालायला लागल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांत हे सगळ्यात जास्त जाणवतं. ऑक्सिजनचा वापर हळूहळू चढतो, तोवर स्नायू शिलकीतल्या ऊर्जेवर चालतो आणि सपाट रस्त्यावरही पाय भरून येतात. कितीतरी जण नेमके इथेच चालणं सोडून देतात.

बॉस्टनच्या जोस्लिन डायबेटिस सेंटरमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये याहून अस्वस्थ करणारी गोष्ट दाखवली. त्यांनी उंदरांचे दोन गट घेतले. एकात साखर आणि चरबीच्या आहाराने रक्तशर्करा वाढवलेली, दुसऱ्यात इन्सुलिन कमी करून. दुसऱ्या गटातले उंदीर लठ्ठ नव्हते. चाकावर धावण्याच्या सरावाने सामान्य उंदरांचा दमसास वाढला, या दोन्ही गटांचा मात्र फारसा वाढला नाही. म्हणजे दोष वजनाचा नव्हता, साखरेचा होता. एरवी धावण्याच्या सरावाने स्नायूतंतूंभोवती नव्या केशवाहिन्या फुटतात. इथे तंतूंभोवतीची आधार देणारी प्रथिनांची जाळी बदललेली होती, केशवाहिन्या कमी होत्या आणि पेशीतला ‘जेएनके’ नावाचा संदेश स्नायूला भलत्याच दिशेने नेत होता. तरुण स्वयंसेवकांतही ग्लुकोज चाचणीत साखर जितकी जास्त, तितका दमसास कमी आढळला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही आणि १३ कोटींहून अधिक प्री-डायबेटिसवाले आहेत, हे लक्षात घेतलं की या निष्कर्षाचं वजन कळतं.

तरीही व्यायाम वाया जात नाही, हे मला ठासून सांगायचं आहे. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतो आणि त्याचा परिणाम पुढे एक-दोन दिवस टिकू शकतो. दमसास हळू वाढला तरी हा फायदा पहिल्या दिवसापासून मिळतो. साखर आटोक्यात आणणं आणि व्यायाम ही कामं मागे-पुढे न करता एकदमच सुरू करावीत.

सुरुवातीची पाच-दहा मिनिटं रमतगमत चाला, मग वेग वाढवा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर साखर एकदम खाली येऊ शकते, म्हणून खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवा आणि डोसबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या. नेहमीपेक्षा वेगळी धाप लागली किंवा छाती भरून आली, तर ती मधुमेहाच्या खात्यावर टाकून गप्प बसू नका. मधुमेहात हृदयविकाराची कळ कधी कधी जाणवतच नाही, नुसती धापच लागते.