खडा पित्ताशय सोडतो तेव्हा

पित्ताशयात खडे असलेल्या बहुतेकांना त्यांचा आयुष्यभर पत्ताच लागत नाही. काहींना उजव्या बरगडीखाली कळ येते, काहींच्या पित्ताशयाला सूज येऊन ताप भरतो. इथवरचा आजार डॉक्टरांच्या नेहमीच्या पाहण्यातला. नवलाची गुंतागुंत होते ती खडा भिंत पोखरून बाहेर पडतो तेव्हा.

याची पहिली नोंद १६५४ सालची. डेन्मार्कचे शरीररचनातज्ज्ञ थॉमस बार्थोलिन यांना एका शवविच्छेदनात पित्ताशयातून थेट आतड्यात गेलेली वाट दिसली आणि आतड्यात खडा सापडला. लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग पित्ताशयाच्या अगदी शेजारी असतो. पुन्हापुन्हा दाह झाला की दोघांच्या भिंती एकमेकींना चिकटतात. मोठा खडा तिथे दाबत राहतो, भिंतीला रक्त पोचेनासे होते आणि शेवटी भोक पडते.

अडीच सेंटीमीटरचा खडा आतड्यात उतरला की पुढे सरकत जातो आणि बहुधा लहान आतड्याच्या शेवटच्या, अरुंद भागात अडकतो. घात होतो तो वाटेत. खडा मध्येच अडतो, उलट्या सुरू होतात. तो सुटतो, पोट हलके होते, आणि दुखणे गेले असे सगळ्यांनाच वाटते. दोन दिवसांनी पुन्हा तेच. रुग्ण बहुतेक वयस्कर, त्यामुळे हे वाया गेलेले दिवस जिवावर बेततात. स्वित्झर्लंडचे सर्जन लुडविग कुर्व्हॉझिए यांनी १८९० मध्ये असे १३१ रुग्ण एकत्र मांडले, तेव्हा मृत्यूचे प्रमाण ४४ टक्के होते. जवळजवळ दर दुसरा माणूस! सहा वर्षांनी फ्रान्सच्या लेऑं बूव्हेरे यांनी हाच खडा जठरातून बाहेर पडण्याच्या तोंडाशी अडकल्याचे वर्णन केले; त्या प्रकाराला आजही त्यांचेच नाव आहे.

रोग्याचे पोट न उघडता हे ओळखण्याची नेमकी खूण १९४१ मध्ये मिळाली. अमेरिकेचे एक्स-रे तज्ज्ञ लिओ रिग्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक्स-रेवर तीन गोष्टी एकत्र शोधायला सांगितल्या: फुगलेले आतडे, भलत्याच जागी दिसणारा खडा आणि यकृतातल्या पित्तनलिकांत शिरलेली हवा. पित्तनलिकांत एरवी हवा नसते; ती आतड्यातून, पडलेल्या भोकावाटे येते. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची नोंद हीच. आज सीटी स्कॅनमध्येही नजर याच तीन गोष्टी शोधते.

अर्जेंटिनाच्या पाब्लो मिरिझी यांनी १९४८ मध्ये वेगळाच प्रकार दाखवला. खडा पित्ताशयाच्या मानेतच रुततो, पण शेजारची मुख्य पित्तनलिका बाहेरून दाबतो आणि कावीळ होते. पाहणाऱ्याला कॅन्सरची शंका यावी असे हे चित्र. पुढे १९८९ मध्ये चिलीच्या आतिला चेंडेश यांनी याच्या पायऱ्या लावल्या: आधी नुसता दाब, मग नलिकेच्या भिंतीला पडत जाणारे भोक. म्हणजे इथेही तेच पोखरणे.

पित्ताशयच काढून टाकण्याची पहिली शस्त्रक्रिया बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ मध्ये केली. रुग्ण ४३ वर्षांचा होता आणि सोळा वर्षे दुखणे सोसत होता. १९८५ मध्ये जर्मनीतच एरिक म्युहे यांनी ती दुर्बिणीतून केली. या पद्धतीत कधीकधी पित्ताशय फाटून खडे पोटात सांडतात. सहसा त्यांचा त्रास होत नाही. पण एखादा निसटलेला खडा काही महिन्यांनी, क्वचित काही वर्षांनीही, पोटात गळू करतो, आणि तोवर पित्ताशय काढलेले असल्याने खड्याचा संशय कोणालाच येत नाही.