किल्ली फिरत नाही तेव्हा

ठाण्यात नौपाड्यासारख्या जुन्या वस्तीत मोटार रस्त्याकडेला लावायची, तर पुढची चाके पदपथाला टेकलेली आणि स्टिअरिंग वळलेले असतानाच किल्ली काढून घेणे ओघानेच येते. सकाळी तीच किल्ली जागची हलत नाही आणि धास्तावलेला मालक ती पिळू लागतो. वास्तविक बहुतेक वेळा काहीही बिघडलेले नसते. किल्ली काढल्यावर कुलुपामागचा पोलादी अडसर स्प्रिंगच्या जोराने स्टिअरिंगच्या दांड्याकडे सरकतो आणि दांड्यावरची खाच समोर आली की तिच्यात बसतो. पिळले गेलेले टायर मूळ स्थितीत येऊ पाहतात, तेव्हा त्यांचा ताण खाचेच्या कडेतून या अडसरावर आडवा पडतो, आणि मग जुन्या वाड्याचे दार दाबून धरल्याशिवाय त्याची कडी निघू नये, तशी गत होते. एका हाताने स्टिअरिंग ज्या बाजूला किंचित सरकते त्या बाजूला दाबून धरावे आणि दुसऱ्या हाताने किल्ली फिरवावी. अडसर मोकळा होतो. सारा जोर किल्लीवरच काढला, तर तुटते ती किल्ली.

कुलूप आणि विजेचा स्विच या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. किल्ली कुलपाचे नळकांडे फिरवते आणि त्याच्या मागच्या टोकाला जोडलेला इग्निशन स्विच टप्प्याटप्प्याने विजेची वेगवेगळी मंडले जोडत जातो: आधी रेडिओसारख्या सोयी, नंतर इंजिनाला लागणारी वीज आणि डॅशबोर्डवरचे दिवे, आणि शेवटी ‘सेल्फ’, म्हणजे स्टार्टर. या शेवटच्या टप्प्यावर किल्ली धरून ठेवावी लागते, कारण सोडताच स्प्रिंग तिला एक घर मागे आणते. लहान मोटारीचा स्टार्टरसुद्धा १२ व्होल्टच्या बॅटरीतून १०० अँपिअरहून अधिक प्रवाह ओढतो. तो या नाजूक स्विचमधून गेला असता तर स्विच जळून गेला असता. म्हणून स्विच केवळ अल्प प्रवाहाने सोलेनॉइडला, म्हणजे स्टार्टरवरच्या विद्युतचुंबकी स्विचला, हुकूम देतो, आणि सोलेनॉइड स्टार्टरचे छोटे दंतचक्र फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या जड चाकाच्या, दात्यांत ढकलून जाड तारांचा संपर्क जोडतो. नुसता ‘टक्’ असा आवाज येऊन इंजिन फिरले नाही, तर हुकूम बहुधा पोचलेला असतो. तेव्हा किल्लीला दोष देण्याआधी बॅटरी आणि तिची टर्मिनले तपासावीत. १९१२ मध्ये अमेरिकी अभियंते चार्ल्स केटरिंग यांचा विद्युत स्टार्टर कॅडिलॅक मोटारींत आला, त्याआधी हँडल मारून इंजिन चालू करावे लागे, आणि ते उलटे फिरले तर मनगट मोडण्याची भीती असे.

प्रत्येक टप्प्यावर बोटांना जाणवणारा ‘खट्’ हा स्विचमधल्या अडकणीचा असतो. ती अडकण क्षुल्लक वाटते, पण जनरल मोटर्सच्या काही मोटारींत ती कमकुवत निघाली. गुडघ्याचा धक्का किंवा जड जुडग्याचा भार एवढ्याने धावत्या मोटारीची किल्ली एक घर मागे फिरे, इंजिन बंद पडे आणि अपघात झालाच तर एअरबॅग उघडत नसे. २०१४ मध्ये कंपनीने लाखो मोटारी परत बोलावल्या. तिच्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. घर, दुकान आणि कपाट यांच्या सगळ्या किल्ल्या मोटारीच्या किल्लीला लटकवण्याची आपली सवय मला म्हणूनच खटकते.

स्टिअरिंगच्या दांड्यावरील इंडिकेटरची दांडीही अशाच साध्या यांत्रिक युक्तीवर चालते. स्टिअरिंगबरोबर फिरणारे एक उंचवट्याचे कडे वळणानंतर परतताना दांडीच्या अडकणीला ढकलते आणि ती मध्यावर येते. वाशीहून बेलापूरकडे जाताना पाम बीच मार्गावर मार्गिका बदलली, तर स्टिअरिंग इतके थोडे फिरते की तो उंचवटा अडकणीपर्यंत पोचतच नाही, आणि मागच्याला पुढची कित्येक मिनिटे इंडिकेटर लुकलुकताना दिसतो. अशा वेळी दांडी अडकेपर्यंत न ढकलता अर्धवट दाबून धरावी. बोट काढताच ती आपोआप परत येते.