नंबरप्लेटची पैज

गाडीतल्या खेळांना शहाणी माणसं नाकं मुरडतात. पिवळी गाडी दिसली की शेजारच्याला चापट मारायची, बोगदा संपेपर्यंत श्वास रोखायचा, जो आधी बोलेल तो हरला... यात डोकं कुठे लागतं, असं त्यांचं म्हणणं. अशा शहाण्याशी एक पैज लावून बघा. समोरून येणाऱ्या पुढच्या २० गाड्यांचे नंबर टिपायचे. त्यांत कुठल्याही दोन गाड्यांचे शेवटचे दोन आकडे सारखे निघाले, तर तुम्ही जिंकलात.

तो हसत हसत तयार होईल. ०० ते ९९ अशा शंभर शक्यता आणि गाड्या जेमतेम वीस, जुळणार कुठून? पण त्याच्या मनात एकच आकडा असतो, म्हणजे ४७ हवा तर ४७च यायला हवा. पैज तशी नाहीच. कुठलीही गाडी कुठल्याही गाडीशी जुळली तरी चालणार आहे, म्हणून गाड्या मोजायच्या नाहीत, जोड्या मोजायच्या. दुसरी गाडी पहिलीशी ताडून पाहायची, तिसरी आधीच्या दोघींशी, विसावी आधीच्या १९ जणींशी. जोड्या होतात १९०! सगळे आकडे सारख्याच प्रमाणात येतात असं धरलं, तर जुळणी सापडण्याची शक्यता सुमारे ८७ टक्के निघते. १३ गाड्यांतच ती निम्म्यापुढे जाते. २३ माणसांच्या घोळक्यात दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते, त्यामागचं गणितही हेच. पैज मात्र एका माणसाशी एकदाच लावावी.

मला स्वतःला या खेळांचा दुसराच गुण जास्त मोलाचा वाटतो. ते मान वर करायला लावतात. आपल्या प्रत्येक कानात आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. गाडी वळली की त्यांतला द्रव किंचित मागे रेंगाळतो आणि मेंदूला वळण कळतं. वेग वाढला किंवा ब्रेक लागला की शेजारचेच दुसरे अवयव खबर देतात. डोळे मात्र मोबाइलवर खिळलेले असले, तर ते सांगतात की सगळं जागच्या जागी आहे. कानांची साक्ष एक, डोळ्यांची दुसरी. गाडी लागते ती या विसंगतीमुळे, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. चालकाला सहसा मळमळत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधीच ठाऊक असतं. दोन वर्षांखालच्या बाळांना हा त्रास क्वचितच होतो. त्यानंतर बारा वर्षांपर्यंतची मुलं सर्वांत जास्त बेजार होतात, आणि 'अजून किती वेळ?' विचारणारीही तीच.

म्हणून खेळ निवडताना नजर दूर, पुढच्या रस्त्याकडे जाईल असा निवडावा. खिडकीला लागून सर्रकन मागे जाणारे खांब मोजण्यात तितका फायदा नाही. नंबर टिपायचं काम तर मळमळणाऱ्याला देऊच नये, त्याने फक्त मोठ्याने वाचावेत. वेळही लवकर जातो: लक्ष घड्याळाकडे असलं की मिनिटं लांबतात, दुसरीकडे गुंतलं की ती मोजायला मन मोकळंच राहत नाही.

बोगद्यातला खेळ तेवढा चालकाने खेळू नये. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात एका तरुण चालकाने बोगद्यात श्वास रोखला, तो बेशुद्ध पडला आणि त्याची गाडी समोरून येणाऱ्या गाडीवर आदळली. कारण त्यानेच पोलिसांना सांगितलं.