गादीवर बसलेले महानायक

मनात आणले तर सुपरमॅनला कोणत्याही दिवशी पृथ्वीचा राजा होता आले असते. नियमित मालिकेत तो होत नाही, आणि झालाच तर दोन-चार अंकांत ते सारे पुसले जाते. याचे कारण त्याच्या सद्गुणात जितके आहे, तितकेच कॉमिक्सच्या व्यवसायातही आहे. दर महिन्याला अंक निघणाऱ्या मालिकेतले पात्र ही प्रकाशकाची मालमत्ता असते. त्याच्यावर चित्रपट निघतात, त्याचे चित्र मुलांच्या दप्तरावर छापले जाते, आणि म्हणून गोष्ट कितीही वादळी झाली तरी शेवटच्या पानापर्यंत जग जवळपास होते तसे परत लावून ठेवावे लागते. सरकार उलथवलेला, माणसे तुरुंगात टाकलेला, जुन्या मित्राशी सिंहासनासाठी लढलेला नायक या हिशेबात बसत नाही. ज्या लेखकांना सत्तेचा प्रश्न शेवटपर्यंत न्यायचा होता, त्यांना त्यासाठी दुसरी पृथ्वी लागली. आज छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूर येथील महाविद्यालयीन मुले व्हिडिओ गेममधून या कथांपर्यंत पोहोचतात आणि हा प्रकार गेल्या दहा-पंधरा वर्षांतला आहे असे त्यांना वाटते. त्याची मुळे मात्र सुपरमॅनच्या जन्माच्याही आधीची आहेत.

जेरी सीगल आणि जो शुस्टर हे क्लीव्हलँड शहरातले दोन शाळकरी मित्र. १९३३ साली, महामंदीच्या ऐन काळात, त्यांनी स्वतःच काढलेल्या एका छोट्या नियतकालिकात 'सुपरमॅन' हे नाव पहिल्यांदा वापरले, आणि तो सुपरमॅन नायक नव्हता. फुकट भाकरीसाठी रांगेत उभ्या असलेल्या एका बेकार माणसाला एक रसायनशास्त्रज्ञ प्रयोगासाठी घरी नेतो. औषधामुळे त्या माणसाला दुसऱ्यांची मने वाचण्याची शक्ती मिळते आणि जगावर राज्य करण्याची इच्छा त्याच्यात जागी होते. औषधाचा अंमल उतरतो, तेव्हा तो पुन्हा त्याच रांगेकडे परततो. माझ्या मते पुढच्या साऱ्या परंपरेचे बीज या छोट्या कथेत आहे, कारण अफाट शक्ती हाती आलेला उपाशी माणूस आधी काय मागेल, याचे दोघा मित्रांनी दिलेले पहिले उत्तर 'राज्य' असे होते.

पाच वर्षांनी, जून १९३८ अशी तारीख घातलेल्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात, ते उत्तर त्यांनी बदलले. या अंकातला सुपरमॅन राज्यपालाच्या घरात घुसतो, पोलादी दार उखडतो, आणि एवढे करून त्याच्यासमोर निर्दोष स्त्रीचा मृत्युदंड थांबवणारा पुरावा ठेवतो. मृत्युदंड थांबवण्याचा हुकूम राज्यपालच देतो. दार फोडणे नायकाकडे आणि हुकूम देणे राज्यपालाकडे, अशी ही वाटणी पुढे अनेक दशके टिकली. १९५४ मध्ये अमेरिकी प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेल्या आचारसंहितेने तिला जवळपास कायद्याचे रूप दिले. पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी आणि प्रतिष्ठित संस्था यांच्याविषयी अनादर निर्माण होईल असे काही छापायचे नाही, असे त्या संहितेत स्पष्ट लिहिले होते. राज्यकर्त्याविषयी शंका घेण्याचीच सोय नसल्यावर नायक राज्यकर्ता झाला तर काय, हा प्रश्न विचारायचा तरी कसा?

वाट निघाली ती दुसऱ्याच गरजेतून. १९४०च्या दशकातले 'फ्लॅश' हे पात्र बंद पडले होते आणि त्याच नावाचा नवा नायक सुरू झाला होता. या दोघांची भेट घडवण्यासाठी लेखक गार्डनर फॉक्स, चित्रकार कार्माइन इन्फँटिनो आणि संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांनी सप्टेंबर १९६१च्या अंकात दुसऱ्या पृथ्वीची कल्पना वापरली. एकाच जागी, पण वेगळ्या कंपनगतीने दोन पृथ्व्या नांदतात, असे त्यांनी सांगितले. जुन्या अंकांचा हिशेब जुळवण्यासाठी केलेली ही सोय होती. पण एकदा दुसरी पृथ्वी मान्य झाल्यावर तिथे काहीही होऊ शकत होते. १९६४ साली तिसरी पृथ्वी आली. तिथे नायकांचे प्रतिरूप असलेले सगळे गुन्हेगार होते.

याच काळात निघणाऱ्या, नियमित मालिकेत न धरल्या जाणाऱ्या 'काल्पनिक कथां'पैकी १९६३ची एक कथा मला फार महत्त्वाची वाटते. तीत सुपरमॅनचे दोन भाग होतात, एक लाल आणि एक निळा. दोघांची बुद्धी शतपटीने वाढते आणि ते जगाचे सारे प्रश्न सोडवून टाकतात. कसे, तर अवकाशातल्या उपग्रहांतून एक किरण सोडून सगळ्या माणसांच्या मनातली दुष्ट वृत्तीच नाहीशी करतात. ही कथा सुखान्त आहे. माणसांना विचारले का, हा प्रश्न तीत कोणी काढत नाही.

तो प्रश्न काढायला २२ वर्षे गेली. मार्व्हल या प्रकाशकाने १९७१ मध्ये 'स्क्वॉड्रन सुप्रीम' नावाचा एक संघ वेगळ्या पृथ्वीवर निर्माण केला होता. स्पर्धक प्रकाशक डीसीच्या 'जस्टिस लीग' या सुपरमॅन-बॅटमॅनच्या संघाची ती उघड नक्कल होती आणि बराच काळ तिचा उपयोगही तेवढाच होता. मार्क ग्रुनवाल्ड या लेखकाने १९८५-८६ मध्ये त्याच संघावर १२ अंकांची मालिका लिहिली. मालिका सुरू होते तेव्हा त्या पृथ्वीची धूळधाण झालेली आहे. एका परक्या शक्तीने नायकांच्या मनाचा ताबा घेऊन त्यांच्याच हातून जग चिरडले होते, आणि त्यांच्यापैकीच एक, नाइटहॉक, अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होता. शुद्धीवर आल्यावर अपराधी भावनेने ग्रासलेले हे नायक ठरवतात, की एक वर्ष सत्ता आपल्या हाती घ्यायची, भूक, युद्ध, गुन्हेगारी आणि रोगराई संपवायची आणि मग जग लोकांच्या स्वाधीन करायचे. सुपरमॅनसारखा असलेला हायपेरियन या योजनेचा आधार होतो. नाइटहॉक विरोध करतो आणि पदाचा राजीनामा देतो. हायपेरियनला मारू शकेल अशी खास गोळी घेऊन तो जाहीर घोषणेच्या वेळी हजर असतो, पण मित्रावर ती झाडणे त्याच्याने होत नाही.

पुढे काय होते हे ग्रुनवाल्ड घाई न करता दाखवतो, आणि मालिकेचे खरे मोल तिथेच आहे. बंदुका गोळा केल्या जातात, अन्नधान्य पुरवले जाते, लोक खरोखर सुखी होऊ लागतात; योजना फसली म्हणून ती वाईट, अशी सोपी मांडणी लेखक करत नाही. गुन्हेगारांची वृत्ती बदलणारे एक यंत्र बनवले जाते. ते १९६३च्या किरणाचेच भावंड आहे, आणि या वेळी लेखक त्याच्याकडे थेट बघतो. संघातलाच एक नायक ते यंत्र आपल्याला सोडून जाऊ पाहणाऱ्या प्रेयसीवर वापरतो आणि तिचे मन आपल्याकडे वळवून घेतो. यंत्र तेच आणि वापरणाराही 'चांगल्यांपैकी'च. तरीही दुसऱ्याच्या मनात हात घालण्याची मुभा मिळाली की तिला सीमा उरत नाही. दुसरीकडे नाइटहॉकही स्वच्छ राहत नाही. उठावासाठी तो जुन्या खलनायकाची मदत घेतो आणि आपली माणसे संघात छुपेपणाने घुसवतो. शेवटच्या अंकात दोन्ही बाजू भिडतात, अनेक जण मरतात, आणि नाइटहॉकचा जीव त्याच्याच बाजूच्या एका स्त्रीच्या हातून जातो. तेव्हा हायपेरियनला त्याचे म्हणणे पटते: आपण गेल्यावर ही यंत्रे कोणाच्या हाती पडतील, याचा विचार आपण केलाच नव्हता. नियमित मालिकेत मरून परत येणारी पात्रे पाहण्याची सवय असलेल्या वाचकाला हे मरण जड जाते, आणि ते जड जाऊ शकले ते मालिका दुसऱ्या पृथ्वीवर घडली म्हणूनच. १९९६ साली ग्रुनवाल्ड वारला, आणि त्याच्या इच्छेप्रमाणे १९९७च्या एकत्रित आवृत्तीच्या शाईत त्याची रक्षा मिसळली गेली.

त्यानंतर हा विषय रूढ झाला. १९९१ पासून डीसीने पर्यायी जगांतल्या कथांसाठी वेगळे शीर्षकच ठेवले; १९९६च्या 'किंगडम कम'मध्ये म्हातारा होत चाललेला सुपरमॅन उच्छृंखल नव्या पिढीसाठी तुरुंग बांधतो, तर २००३च्या 'रेड सन'मध्ये त्याचे यान युक्रेनमधल्या सामूहिक शेतावर उतरते आणि तो सोव्हिएत राज्याचा प्रमुख होतो.

दोन राज्यकर्ते महानायक समोरासमोर उभे करण्याचा सर्वांत ठळक प्रयोग मात्र २०११च्या 'फ्लॅशपॉइंट'मध्ये झाला. आईला वाचवण्यासाठी फ्लॅश भूतकाळात जातो आणि जग बदलते. या जगात समुद्राखालच्या अटलांटिसचा राजा अ‍ॅक्वामॅन आणि अ‍ॅमेझॉन या योद्ध्या स्त्रियांची वंडर वुमन यांचे युद्ध पेटलेले आहे, पश्चिम युरोप पाण्याखाली गेला आहे आणि ब्रिटन अ‍ॅमेझॉनांच्या ताब्यात आहे. गंमत म्हणून नव्हे, तर कारण म्हणून एक तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे: या दोघांचा विवाह करून दोन राज्ये जोडण्याचे ठरले होते, आणि तो तह राजाचा भाऊ व वंडर वुमनच्या गोटातील एक योद्धी यांनी संगनमताने मोडला. आपल्या दख्खनी सल्तनतींचा इतिहास वाचलेल्याला हे ओळखीचे वाटेल. अहमदनगर, विजापूर आणि गोवळकोंडा यांच्यातले विवाहसंबंध आणि लढाया एकमेकांत इतक्या गुंतलेल्या आहेत, की चांदबीबीसारखी एकच स्त्री दोन घराण्यांच्या इतिहासात उभी दिसते.

मराठी वाचकाला अशा कथा परक्या का वाटल्या नाहीत, हे इथे सांगायला हवे. वेरूळच्या कैलास लेण्यात एका भिंतीवर रामायण आणि दुसऱ्या भिंतीवर महाभारत पट्ट्यापट्ट्यांनी कोरलेले आहे आणि ते ओळीने वाचत जावे लागते. पैठणच्या चित्रकथी परंपरेत मोठ्या डोळ्यांचे योद्धे चित्राच्या दोन बाजूंनी एकमेकांवर चालून येतात आणि कथेकरी त्यांचे भांडण गाऊन सांगतो. फरक एवढाच, की तिथे राज्यावर हक्क कोणाचा हे वंश आणि धर्म ठरवतात. महानायकाकडे शक्तीवाचून दुसरा हक्कच नाही. १९६४ मध्ये सुरू झालेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून मराठीत आलेला वेताळ (फँटम) डेंकाली या काल्पनिक देशाच्या जंगलाचे रक्षण करतो, जंगल गस्ती दलाला गुप्तपणे हुकूम देतो, पण खुर्चीवर राष्ट्राध्यक्ष लुआगाच बसतो. पर्यायी इतिहासाची चव तर जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत'ने आधीच दिली होती. विश्वासरावांना गोळी चाटून जाते आणि पानिपत जिंकले जाते. त्या कथेच्या इंग्रजी रूपात पुढे पेशव्यांची जागाही हळूहळू लोकनियुक्त संस्था घेतात, आणि हा तपशील मला विजयाहून मोठा वाटतो.

मराठवाड्यात या कथा वाचताना आणखी एक गोष्ट मनात येते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत इथली माणसे निजामाची प्रजा होती. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावातली म्हातारी माणसे निजामाविषयी बोलताना त्याच्या श्रीमंतीच्या आणि धरणांच्या गोष्टीही सांगत आणि रझाकारांच्या भीतीच्याही, पण त्याला बदलण्याचा काही मार्ग लोकांकडे होता असे त्यांच्या बोलण्यात कधी येत नसे. हायपेरियनच्या पृथ्वीवरच्या सामान्य माणसांकडे मी त्यामुळे जास्त लक्ष देतो. ती माणसे चित्रांच्या कडेला उभी असतात, टाळ्या वाजवतात किंवा पळतात, आणि त्यांना संवाद फार थोडे असतात.

२०१३ साली आलेली 'इनजस्टिस' ही मालिका मुळात त्याच वर्षीच्या व्हिडिओ गेमची पूर्वकथा म्हणून टॉम टेलर याने लिहायला घेतली. खलनायक जोकर सुपरमॅनला फसवून त्याच्याच हातून त्याची गर्भवती पत्नी लोइस हिचा जीव घेववतो आणि त्याच क्षणी अणुस्फोटाने सुपरमॅनचे शहर मेट्रोपोलिस नष्ट होते. सुपरमॅन जोकरला ठार मारतो, मग जगातली युद्धे बळाने थांबवतो, आणि वर्षावर्षाने शांततेचा रक्षक हुकूमशहा होत जातो. बॅटमॅन त्याच्याविरुद्ध भूमिगत लढा उभा करतो. कथा 'वर्ष एक' ते 'वर्ष पाच' अशी विभागलेली आहे, आणि तिचे बळ या संथपणात आहे. एकेका अंकात एकेक मित्र बाजू निवडतो, आणि प्रत्येकाची निवड त्या घडीला समजण्यासारखी असते. बॅटमॅनकडच्या शक्ती देणाऱ्या औषधी गोळ्या घेऊन सामान्य माणसेही महानायकांशी लढू लागतात, म्हणजे शक्तीची मक्तेदारी मोडते; निर्णय मात्र दोन नेत्यांकडेच राहतात.

२०१७च्या दुसऱ्या गेममध्ये शेवटची लढाई खेळणाऱ्यावर सोपवली आहे. लातूरच्या वसतिगृहातल्या एखाद्या खोलीत रात्री उशिरा ती लढाई येते, तेव्हा पडद्यावर बॅटमॅन किंवा सुपरमॅन निवडायचा असतो, आणि निवडीप्रमाणे दोन वेगळे शेवट दिसतात. पृथ्वीवरच्या बाकीच्या माणसांना विचारण्याचा तिसरा पर्याय त्या पडद्यावर नाही.